बाहेरची कडी

दौऱ्यावर प्रयोग संपला की कुणीतरी विंगेपाशी येऊन हमखास विचारतं, "ताई, इतकं अंगावर येणारं नाटक, तेही साठच्या दशकातलं. गावोगाव घेऊन का फिरता?" तेव्हा टेम्पोत सामान चढवायची घाई असते, उत्तर राहून जातं. तुम्ही परत विचारलंत म्हणून आज सांगते.

नाटक विजय तेंडुलकरांचं, 'शांतता! कोर्ट चालू आहे'. १९६७ साली अरविंद देशपांड्यांनी ते बसवलं, सुलभाताई देशपांडे लीला बेणारे झाल्या, म्हणजे नाटकातली अविवाहित शिक्षिका. आम्ही हौशी मंडळी आता ते पुन्हा करतोय. माझ्याकडे नेपथ्य आहे, म्हणजे मुख्यतः एक दार.

पहिल्याच प्रवेशात त्या दाराच्या कडीत बेणारेबाईंचं बोट चेमटतं. सामंत, त्या गावचा साधा माणूस, समजावतो, कडी पूर्ण बाजूला सारायची, नाहीतर माणूस आत अडकतो. प्रेक्षक ते लगेच विसरतात. मग प्रयोगासाठी गावात आलेली बाईंची नाटकमंडळी वेळ काढायला खोटा खटला सुरू करते. आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. सगळे हसतात, आणि हसायलाच हवं. मंडळीतले काशीकर न्यायाधीश होऊन कान कोरतात, सामंत हातातल्या कादंबरीतून साक्ष रचतो. खेळता खेळता खेळ खरा होतो. दुसऱ्या अंकाच्या शेवटी बाई पळून जायला दार ओढतात. ते उघडत नाही.

दाराच्या पलीकडे मी असते. प्रत्येक स्टेजवर सेट सारखा बसत नाही, म्हणून मी दार दोन्ही हातांनी घट्ट धरते. तिची ओढ माझ्या मनगटांत उतरते. ती तालमीतली आहे, मोजलेली आहे, हे मला माहीत असतं. तरी एका रात्री फार वाटलं, सोडून द्यावं, जाऊ दे हिला.

तिथून मला प्रेक्षागृह दिसत नाही, फक्त ऐकू येतं. हसू नेमकं कुठे थांबतं, ते दर गावात वेगळं. एका गावी सामंताच्या साक्षीलाच शांतता पसरली. दुसऱ्या गावी तिसऱ्या अंकात, मंडळीतला पोंक्षे बाईंच्या पर्समधल्या टिक-ट्वेंटीच्या, म्हणजे ढेकणांच्या विषाच्या, बाटलीबद्दल सांगतो तिथपर्यंत लोक हसत होते, आणि मग एकदम गप्प झाले. ते गप्प होणं ऐकायला मी फिरते. घरात बसून ते कळत नाही.

"आता कायदा बदलला," असंही म्हणतात. खरं आहे. नाटक आलं तेव्हा गर्भपात गुन्हा होता. १९७१ साली त्याला परवानगी देणारा कायदा झाला, आणि अविवाहित स्त्रीचा हक्कही तितकाच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केलं. पण नाटकातलं कोर्ट कायद्याने चालतच नाही. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे तेच लोक शेवटी बाईंच्या पोटातलं मूल नष्ट करायची शिक्षा देतात, आणि मंडळीतल्या, पण तिथे न आलेल्या ज्या प्राध्यापक दामल्यांचं ते मूल, त्यांची खुर्ची अख्खा खटलाभर रिकामीच.

का फिरता, हे बहुतेक पुरुष विचारतात. बायका थोड्या मागे थांबतात, गर्दी पांगू देतात आणि हळूच विचारतात, "बाईंची शाळेतली नोकरी खरंच जाते का हो?"

तेव्हा मात्र मी हातातलं सामान खाली ठेवते. "हो," म्हणते, "जाते."