उंची वाढण्याची भीती

शनिवार, रात्री उशिरा

धाकटीने दूध सोडले आहे, असे वहिनींनी आज जेवताना सहज सांगितले आणि विषय लोणच्याकडे वळला. मी मात्र तिथेच अडकले. नंतर गच्चीत तिला एकटीला गाठून विचारले, तेव्हा ती म्हणाली, "आत्या, दुधाने उंची वाढते. उंची वाढली की मालिकेच्या सेटवर आपल्या जागी दुसरी मुलगी आणतात." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. शाळेतला एखादा नियम सांगावा तसे तिने ते सांगितले आणि ती उद्याचे संवाद पाठ करायला खाली निघून गेली.

तेव्हापासून जेफ कोहेन मनातून जात नाही. हॉलिवूडच्या 'द गूनीज'मधल्या गुबगुबीत चंकचे काम करणारा तो बालकलाकार. चित्रपट 1985 सालचा. आम्ही तो पुष्कळ उशिरा, भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिला आणि फाटकाच्या प्रसंगाला सगळी भावंडे पोट धरून हसलो. आत यायचे असेल तर चंकने आधी शर्ट वर करून पोट थलथलवून दाखवायचे, अशी त्याच्या मित्रांच्या टोळीतल्या एका मुलाची अट असते. आज तो प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे आला आणि हसू आले नाही. अंग दाखवल्याशिवाय फाटक उघडणार नाही, हे त्यात किती उघडपणे सांगितले आहे! चित्रीकरण सुरू झाले तेव्हा या मुलाला कांजिण्या आल्या होत्या, आणि घरी राहिलो तर आपल्या जागी दुसरा मुलगा आणतील या भीतीने तो तसाच कामावर हजर झाला होता. चाळीस वर्षांपूर्वीचे अमेरिकेतले ऑरेगॉन, जिथे ते चित्रीकरण झाले, आणि आजचे गोरेगाव. मुलाच्या मनातले वाक्य तेच.

पुढे तो वयात आला, शाळेत फुटबॉल खेळू लागला, अंगावरचा गुबगुबीतपणा उतरला आणि कामे मिळेनाशी झाली. आपली कारकीर्द वयात येण्याने संपवली, असे त्याने मुलाखतींतून मोकळेपणाने सांगितले आहे. तो ते हसत सांगतो. मला ते हसत ऐकता येत नाही. ज्या गोष्टीसाठी घरोघरी मुलांना दूध, बदाम आणि सूर्यनमस्कार देतात, तीच गोष्ट एखाद्या मुलाच्या बाबतीत काम जाण्याचे कारण ठरते, आणि मुलाला वाटते की चूक आपल्या हाडांची आहे. वाढणे हा अपराध कसा असू शकतो? पण धाकटीला तसे वाटते, आणि तिला तसे वाटावे असे वातावरण आम्ही मोठ्यांनीच तयार केले आहे. दादाविषयी आज लिहीत नाही.

मला नेमके वाईट कोणाचे वाटते आहे, हा प्रश्न गच्चीवरून उतरल्यापासून छळतो आहे. बालनाट्यात मी ससा होते, नंतर राजकन्येची मैत्रीण होते, आणि एका मे महिन्याच्या सुट्टीत तालमीचा निरोप आलाच नाही. पोशाख मला होईनासा झाला होता, हे फार नंतर कळले. तेव्हा कोणी येऊन सांगितले असते, तर एवढी वर्षे ते मनात राहिले नसते. कोहेनसाठी कोणीतरी होते, याचा मला आज चक्क हेवा वाटला. 'द गूनीज'चे दिग्दर्शक रिचर्ड डोनर आणि त्यांच्या पत्नीने त्याच्या शिक्षणाच्या खर्चाला मदत केली; तो बर्कलीला शिकला, विद्यार्थी संघटनेच्या निवडणुकीत चंकच्याच नावाने उभा राहिला, मग लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून कायद्याची पदवी घेऊन त्याने 2002 साली बेव्हर्ली हिल्समध्ये भागीदारीत स्वतःची वकिली संस्था काढली. फाटकाबाहेर राहिलेल्या मुलाला एका मोठ्या माणसाने दुसरे दार दाखवले. माझ्यासाठी असे कोणी आले नाही, हे लिहिताना आताही घसा दाटतो.

पण वकिली मीही केलीच की. आणि त्या अर्थाने जो प्रसंग मला सर्वांत जवळचा वाटतो, तो कोहेनच्या लहानपणातला नाहीच. 'द गूनीज'मध्ये डेटा नावाच्या मुलाची भूमिका करणारा की हुय क्वान व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आलेला मुलगा. तो मोठा झाला तसे त्याच्यासारख्या चेहऱ्याला हॉलिवूडमध्ये काम उरले नाही, म्हणून तो पडद्यामागे गेला, मारामारीची दृश्ये बसवू लागला. अनेक वर्षांनी 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल अ‍ॅट वन्स'साठी त्याला विचारणा झाली, तेव्हा त्याच्या वतीने करार ठरवायला वकील म्हणून कोहेन बसला होता. मार्च 2023 मध्ये ऑस्कर हातात घेऊन क्वानने व्यासपीठावरून त्याला भाऊ म्हणून त्याचे आभार मानले. वय वाढल्यामुळे बाहेर पडलेली दोन मुले, आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या करारनाम्याचे कलम न् कलम वाचतो आहे. अभिनय सुटला म्हणून कोहेनची हळहळ करणाऱ्यांना हा भाग दिसतच नाही, असे मला तीव्रतेने वाटते. सेटवरच्या मुलाला काय भीती असते ते त्याला कोणी अशील येऊन समजावून सांगावे लागत नाही.

या क्षेत्रातला कायदा तरी कुठून आला? चॅप्लिनच्या 'द किड'मधला जॅकी कूगन सज्ञान झाला, तेव्हा त्याने लहानपणी मिळवलेले लक्षावधी डॉलर आई आणि सावत्र वडिलांनी खर्च करून टाकले होते, आणि अल्पवयीन मुलाची कमाई पालकांचीच असे त्या वेळचा कायदा म्हणत होता. 1938 साली त्याने दावा लावला. हाती सुमारे 1,26,000 डॉलर आले. त्यातून 1939 मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा केला, आणि आज तिथे बालकलाकाराच्या कमाईचा 15 टक्के भाग त्याच्या नावे बाजूला ठेवावा लागतो. आपल्याकडे 2017 च्या नियमांनुसार किमान 20 टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत जायला हवी, दिवसाला पाच तासांहून जास्त काम नको आणि सलग तीन तासांनंतर विश्रांती हवी. धाकटीची ठेव आहे, पावती मी पाहिली आहे. तासांबद्दल वहिनींशी बोलायचे आहे.

पैसा आणि तास यांची तजवीज कायद्याने केली. उंचीची कोणी केली? मालिका लीप घेते, कथेत दहा वर्षे एका रात्रीत जातात, आणि कालपर्यंत सगळ्या युनिटची लाडकी असलेली मुलगी सोमवारी नुसती घरी असते. मालिका थांबू शकत नाही, हे मला समजते. मुलगी वाढायची थांबणार नाही, हेही सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. मग ते तिच्यापासून लपवायचे कशाला, आणि तिने ते दूध सोडून स्वतःच्या अंगावर का घ्यायचे?

रात्र बरीच झाली आहे, आणि मघाचा हेवा कुठे गेला ते कळत नाही. मला कोणी भेटले नाही हे खरे. पण करारनामा वाचता येणारी आत्या धाकटीला आहे, आणि नव्या वर्षाच्या कराराचा मसुदा अजून सहीसाठी गेलेला नाही. मी तो आता पुन्हा वाचला. निर्मात्याला केव्हाही करार संपवण्याची मुभा देणारे कलम त्यात नेहमीप्रमाणे आहे. त्याखाली मी एक उपकलम लिहिले आहे: वाढत्या वयामुळे किंवा कथेतील लीपमुळे भूमिका संपणार असेल, तर पालकांना एक महिना आधी लेखी कळवावे, राहिलेले मानधन त्या महिन्यातच द्यावे, आणि युनिटमधील जबाबदार व्यक्तीने मुलीला समोर बसवून, हे तिच्या कामातील उणिवेमुळे नाही, असे स्पष्ट सांगावे. पहिल्या दोन गोष्टी ते घासाघीस करून मान्य करतील. तिसरीवर त्यांचे वकील लाल रेघ मारतील, याची मला जवळजवळ खात्री आहे, तरी सोमवारी मसुदा तिच्यासकटच पाठवणार आहे.