व्हॉट्सअ‍ॅपवर पोरांचं वाचन घेताना – माझा अनुभव

मी दापोली तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते, दुसरी-तिसरी माझ्याकडे आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा अभ्यास म्हटलं की सगळ्यांना २०२० आठवतं, शाळा बंद आणि ग्रुपवर पीडीएफ आणि व्हिडिओंचा नुसता मारा. आमच्याकडे तर ३ जूनला निसर्ग वादळ आलं, विजेचे खांबच आडवे झाले, मग ऑनलाइन कसलं नि काय. पण शाळा परत भरायला लागली तेव्हा पोरं वाचताना अडखळत होती, त्यांनी घरी मोठ्याने वाचावं आणि ते कोणीतरी नीट ऐकावं एवढीच खरी गरज होती, आणि त्याला साधा व्हॉइस मेसेज पुरतो हे माझं आता पक्कं मत झालंय.

पहिला प्रश्न फोनचा. कोकणातली घरं तुम्हाला माहितीच आहेत, बाप मुंबईला, चांगला फोन त्याच्याबरोबर, इकडे आई-आजीत मिळून एक. तो दिवसभर आईसोबत शेतात, म्हणजे दिवेलागणीनंतरच पोराच्या हातात यायचा. भातलावणीच्या दिवसांत मी काही मागतच नाही, माणसं दमून आडवी होतात. व्हॉट्सअ‍ॅपला वय १३ पूर्ण लागतं, म्हणून अकाउंट पालकांचंच, आणि मला ते बरंच वाटतं, घरातलं मोठं माणूस शेजारी बसतं.

मग रेंज. वाडीत रेंज नाही, सड्यावर, म्हणजे वरच्या कातळावरच्या माळावर गेलं की येते. पण व्हॉइस मेसेजचं बरं असं की घरात रेकॉर्ड करून सोडून द्यायचा, घड्याळाची खूण दिसत राहते, सकाळी आई सड्यावर गेली की आपोआप जातो. माझा मेसेजही त्यांचा फोन बंद असला तर ३० दिवसांपर्यंत सर्व्हरवर थांबतो, त्यामुळे पावसात दोन-तीन दिवस लाइट गेली तरी वाया जात नाही.

पालक सभेत मी भाषण केलंच नाही, एकेकीच्या शेजारी बसून फोन लावून दिले. स्टोरेज आणि डेटामध्ये जाऊन फोटो-व्हिडिओचं ऑटो डाउनलोड बंद केलं, कारण नेटपॅक नातेवाइकांच्या गुड मॉर्निंगमध्येच संपतो. व्हॉइस मेसेज मात्र हे बंद असलं तरी आपोआप उतरतो. माइक दाबून बोट वर सरकवलं की लॉक होतं, मग धरून बसावं लागत नाही, हे आज्यांना सगळ्यात आवडलं. माझा नंबर प्रत्येकीकडे सेव्ह करून घेतला कारण त्याशिवाय ब्रॉडकास्ट, म्हणजे एकदाच पाठवून प्रत्येकीला वेगळा जाणारा मेसेज, पोचत नाही. ग्रुप ठेवलाय पण त्यात फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात, सूचनांपुरता. पोरांचं वाचन मी पर्सनलवरच मागवते, चुकलेलं वाचन सगळ्या गावाने का ऐकायचं?

एक उदाहरण सांगते. तिसरीतली एक मुलगी, वर्गात तोंड उघडायची नाही. तिचा पहिला मेसेज आला तेव्हा पत्र्यावर पाऊस वाजतोय, मागून आजी म्हणतेय "मोठ्यान् वाच गो", आणि ही ‘प्रश्न’ला ‘परश्न’ वाचतेय, थांबतेय, परत मागे जातेय. वर्गात एवढ्या पोरांत मला हे कधी ऐकूच आलं नव्हतं. मी तिच्या मेसेजलाच रिप्लाय केला, आधी काय छान वाचलं ते, मग तो एकच शब्द सावकाश म्हणून दाखवला, बस. एका वेळी एकच चूक, जास्त सांगितलं की पोरं पुढचा मेसेजच पाठवत नाहीत. तिने तो शब्द म्हणून परत पाठवला, मग आणखी एकदा, न सांगता. हल्ली ती वर्गात हात वर करते.

केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ ला आलं, तिसरीपर्यंत पोराला समजून वाचता आलं पाहिजे हे त्याचं म्हणणं, ते मला शंभर टक्के पटतं. म्हणून वाचून झालं की एक प्रश्न विचारते, उत्तर पुस्तकातलं नको, स्वतःच्या शब्दांत.

आणि एक गोष्ट आपोआप झाली. आया हे मेसेज मुंबईला फॉरवर्ड करायला लागल्या. विरार-नालासोपाऱ्याला राहणारे बाप रात्री पोराचं वाचन ऐकतात. गणपतीला आलेले एक जण मुद्दाम शाळेत येऊन म्हणाले, बाई, पुढचा धडा कधी?

सगळं जमलंय असं नाही. काही घरांत अजून स्मार्टफोन नाही, त्या पोरांचं वाचन मी मधल्या सुट्टीत माझ्या फोनवर रेकॉर्ड करते आणि लगेच त्यांना ऐकवते. आपलाच आवाज ऐकून त्यांना स्वतःची चूक कळते, म्हणून आता फोन असलेल्या घरांनाही सांगतेय की पाठवायच्या आधी पोराला एकदा ऐकू द्या.