‘मावळे’ की ‘मालवे’? कवितेला विचारायचे प्रश्न

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला कविता उलगडायला शिकायचं असेल, तर फूलबागेतल्या राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीहून चांगली जागा नाही. भा. रा. तांबे ग्वाल्हेरचे राजकवी. त्यांची या समाधीवरची कविता सुरू होते ती अशी:

रे हिंदबांधवा, थांब या स्थळी, अश्रु दोन ढाळी
ती पराक्रमाची ज्योत मावळे इथे झाशीवाली

यावर परीक्षेतलं ठरलेलं उत्तर असं: ‘येथे राणीला ज्योतीची उपमा दिली असून रूपक अलंकार साधला आहे. कवितेचा विषय देशभक्ती हा आहे.’ पहिल्या वाक्यात उपमा (‘ज्योतीसारखी’ म्हणणं) आणि रूपक (थेट ‘ज्योत’च म्हणणं) यांचा घोळ आहे. तो सोडला तरी या दोन वाक्यांत कवितेबद्दल काहीच सांगितलेलं नाही. हेच उत्तर दुसऱ्या कुठल्याही वीरगीताखाली चिकटवता येतं, आणि तसं चिकटवता आलं की समजावं, उत्तर फसलं.

आता ‘मावळे’ या शब्दापाशी जरा थांबा. ज्योत विझते किंवा मालवते. मावळतो तो सूर्य, नाहीतर चंद्र. मग कवीने ज्योतीला सूर्याचं क्रियापद का दिलं? पहिली शंका छंदाची येते: मात्रा बसत नसतील म्हणून शब्द बदलला असेल. तेव्हा मोजून पाहू. ऱ्हस्व अक्षराची १ मात्रा, दीर्घाच्या २. मा-व-ळे म्हणजे २+१+२, एकूण ५. मा-ल-वे म्हणजेही २+१+२, एकूण ५. हा शब्द ओळीच्या मधोमध आहे, त्यामुळे यमकाचीही अडचण नाही. म्हणजे ‘मालवे’ चाललं असतं, तरी कवीने ‘मावळे’ घेतलं. अर्थ काढायचा तो अशाच ठिकाणी. मालवलेली ज्योत आपण होऊन पुन्हा पेटत नाही, मावळलेलं मात्र उगवतं. शिवाय शब्द ‘मावळली’ असा नाही, ‘मावळे’ असा आहे. काव्यातलं हे वर्तमानाचं रूप. १८५८च्या जूनमधली गोष्ट कवी आत्ता डोळ्यांपुढे घडत असल्यासारखी सांगतो.

रसग्रहणात कामाचा प्रश्न एकच: इथे कवीला पर्याय होता का? होता, तर निवडीचा अर्थ लावा. नव्हता, तर गप्प बसा.

गप्प कुठे बसायचं याचं उदाहरण याच कवितेत आहे.

घोड्यावर खंद्या स्वार
हातात नंगि तलवार
खणखणा करित ती वार

‘नंगी’ ऱ्हस्व का? ‘करीत’चं ‘करित’ का झालं? मात्रा मोजा, अनुस्वाराच्या अक्षराला २ धरा. पहिली ओळ १३, दुसरी १३, तिसरी १३. शेवटचा ‘र’ गाताना लांबतो आणि १४ पुऱ्या होतात. पुढच्या कडव्यात ‘कडकडा कडाडे बिजली / इंग्रजी लष्करे थिजली’ इथे शेवट दीर्घच आहे, म्हणून मोजून १४ भरतात. ‘लष्करे’मधल्या ‘ल’ला २ धरायला विसरू नका, ‘ष्क’चा आघात त्याच्यावर येतो. म्हणजे ‘नंगि’ आणि ‘करित’ ही छंदाने घातलेली कात्री आहे. ‘ऱ्हस्व उच्चारातून तलवारीचा वेग जाणवतो’ असलं काही लिहिलंत तर ते तुमच्या कल्पनेचं कौतुक होईल, कवितेचं नव्हे.

जोडाक्षराआधीचं अक्षर दरवेळी जड होत नाही, हेही इथेच सांगतो. ‘सख्या’, ‘तुझ्या’ असे शब्द आपण हलके उच्चारतो, तिथे ‘स’ आणि ‘तु’ यांची १च मात्रा. हिंदी शाळेत शिकलेली मुलं कागदावरचं जोडाक्षर बघून २ देतात आणि सगळी ओळ बिघडते. मोजताना ओळ मोठ्याने म्हणावी, कान आपोआप सांगतो.

‘थिजली’ हा मात्र निवडलेला शब्द आहे. ग्वाल्हेरच्या डिसेंबरात डब्यातलं तूप थिजतं ते आठवा. एरवी वाहणारी वस्तू जागीच घट्ट होते. वीज कडाडली की माणसं पळतात, दचकतात, कोसळतात. इथे लष्करं थिजली आहेत. आधीच्या कडव्यात घोडा, वार, खणखणाट, सगळी धावपळ, आणि या ओळीत सगळं एकदम स्थिर. लगेच पुढची ओळ येते, ‘मग कीर्तिरूप ती उरली’. मृत्यूचा उच्चारही नाही. विजेचा लखलखाट आणि कीर्ती यांच्या मधे मरण कुठे झालं ते शोधायला जावं तर सापडत नाही. कवीने ते गाळलं आहे. जे गाळलं तेही निवडलेलंच असतं, पण शाळेतल्या अलंकारांच्या यादीत गाळण्याला नाव नाही, म्हणून ते कुणी लिहीत नाही.

अलंकारांच्या नावांचा गोंधळ आपल्या गावात जास्त होतो, कारण शाळा हिंदी आणि घर मराठी. ‘यमक’ हा शब्द सगळ्यात दगाबाज. हिंदीत यमक म्हणजे तोच शब्द दोनदा, दोन अर्थांनी. बिहारीच्या दोह्यातला ‘कनक कनक’ घ्या, एक सोनं आणि एक धोत्रा. मराठीत आपण सर्रास यमक म्हणतो ते चरणांच्या शेवटी जुळणाऱ्या अक्षरांना, म्हणजे हिंदीतल्या तुकेला. ‘स्वार, तलवार, वार’ हे मराठीत यमक. हिंदीच्या पेपरात तसं लिहिलं तर चूक. तसंच हिंदीतलं ‘मानवीकरण’, म्हणजे माणूस नसलेल्याला माणसासारखं वागवणं, ते मराठीत ‘चेतनगुणोक्ती’. उत्प्रेक्षा दोन्हीकडे उत्प्रेक्षाच, पण खुणेचे शब्द निराळे: तिकडे ‘मानो, जनु’, इकडे ‘जणू, गमे, वाटे, भासे’. याच कवितेत ‘हिंदभूध्वजा जणु जळती’ ही उत्प्रेक्षा, आणि ‘जणु’ गाळून थेट म्हटलेलं ‘मूर्त महाकाली’ हे रूपक. दोन्ही एकाच कडव्यात आहेत. आधी जणू, मग तसं म्हणायचीही गरज उरत नाही, इतका चढ.

श्लेषाची हौस मुलांना फार. ‘मावळे’ शब्दावर हमखास कुणीतरी म्हणतं, ‘शिवाजी महाराजांचे मावळे! श्लेष!’ तपासायची रीत सोपी आहे. श्लेषात दोन्ही अर्थ वाक्यात उभे राहिले पाहिजेत. ‘ती ज्योत’ हा कर्ता ठेवून ‘मावळे’ हे नाम घाला, वाक्याला क्रियापदच उरत नाही. सबब श्लेष नाही.

आता आशयसूत्र. ‘देशभक्ती’ हा विषय झाला. आशयसूत्र म्हणजे त्या विषयाबद्दल कविता काय म्हणते ते, आणि ते क्रियापदासकट पूर्ण वाक्यात लिहावं लागतं. ते शोधायला अलंकारांपेक्षा व्याकरण अधिक उपयोगी पडतं. पेन्सिलीने तीन खुणा करा: कोण कुणाशी बोलतंय, क्रियापदं कुठल्या काळात आहेत, कुठले शब्द परत आले. या कवितेत बोलणारा वाटसरूला हाक मारतो: थांब. सुरुवात आज्ञार्थाने, मधे भूतकाळ (आली, थिजली, उरली), शेवटी भविष्यकाळ: ‘मिळतील इथे शाहीर’, ‘तरु झरे ढाळितिल नीर’. काळ तीनदा बदलतो, जागा मात्र ढळत नाही. ‘या स्थळी’, ‘इथे’, ‘वीर इथे आली’, ‘मिळतील इथे’. दुसरं पाहा: आरंभी माणसाला ‘अश्रु दोन ढाळी’ असं विनवलं आहे आणि शेवटी तेच क्रियापद झाडांना आणि झऱ्यांना दिलं आहे. चेतनगुणोक्ती, बरोबर, पण नुसतं नाव लिहून थांबलात तर तिचं काम निसटतं. आता वाक्य लिहिता येतं: राणीची आठवण माणसांच्या भरवशावर नाही, ती या जागेनेच धरून ठेवली आहे. या वाक्याखाली तीन पुरावे द्या, ‘इथे’ची आवर्तनं, ‘ढाळी’ ते ‘ढाळितिल’, आणि शेवटच्या ओळीत (‘ह्या दगडां फुटतिल जिभा’) बोलणारे दगड. दीडशे शब्दांत उत्तर होतं.

हे वाक्य खरं की ओढूनताणून आणलेलं, याची एक तपासणी म्हणजे शेजारी दुसरी कविता ठेवणं. सुभद्राकुमारी चौहानांची ‘झाँसी की रानी’ आपल्याकडे मुलांना तोंडपाठ असते. तिचं ध्रुपद ‘हमने सुनी कहानी थी’. राणी तीच, शौर्य तेच, पण तिथला पुरावा कानाचा आहे. हरबोल्यांनी, म्हणजे बुंदेलखंडातल्या भटक्या गायकांनी, सांगितलं आणि आम्ही ऐकलं. तांब्यांचा पुरावा पायांखालचा. ‘देशभक्ती’ हे उत्तर दोन्हीकडे चालतं, ‘जागा धरून ठेवते’ हे एकीकडेच. म्हणून ते उत्तर खरं.

गाण्याकडे वळताना एक धोका आधीच सांगतो. कविता आणि रेकॉर्ड या दोन वेगळ्या वस्तू. रेकॉर्डवर कडवी गळतात, ध्रुपद वाढतं, एखादा शब्द चारदा येतो. ती निवड संगीतकाराची, कवीची नव्हे. दोन्हींचा हिशेब वेगळा मांडावा. तांब्यांचीच, लतादीदींनी गायलेली ‘मधु मागशि माझ्या सख्या परी / मधुघटचि रिकामे पडति घरी’ घ्या. ओळीला १६ मात्रा. ‘मधुघटचि’मधल्या ‘चि’वर निबंध लिहिण्याआधी तो काढून पाहा: १५ उरतात. म्हणजे त्याचं निम्मं काम भरतीचं आहे.

भांडी मात्र बघण्यासारखी आहेत. पूर्वी मध पाजला तो ‘कमळाच्या द्रोणी’. द्रोण वाढायचा, दुसऱ्याच्या हाती द्यायचा. घरात साठवणीचे घट, ते आता रिकामे. उरली आहे ‘नैवेद्याची एकच वाटी’, आणि तिच्यात मध नाही, दूध आहे. भांडं लहान होत गेलं, आतला पदार्थ बदलला, घेणाराही बदलला: आधी सखा, आता देव. फुलांचंही तेच. कमळाच्या जागी अंगणातली कोरांटी, काटेरी, आणि तीही ‘कशी तरी’ सांभाळलेली. इथे कुणी म्हणेल, ‘कोरांटी’ तर ‘वाटी, गाठी’च्या यमकासाठी आली. असेल. यमकाने निवड अरुंद केली, संपवली नाही. ‘टी’ने संपणारे शब्द मराठीत पुष्कळ आहेत आणि त्यांतून नेमकं पूजेचं फूल आलं. म्हातारपण हा शब्द कवितेत न येता ते कळतं, ते या भांड्या-फुलांच्या ओळीमुळे. रेकॉर्डवर प्रत्येक अंतऱ्यानंतर ‘मधुघटचि रिकामे’ परत येतं. द्रोणानंतर ऐकलं तर ती तक्रार वाटते, वाटीनंतर ऐकलं तर सुटका.

कादंबरीत हे अक्षराअक्षराने जमत नाही. तिथे मोठी निवड एकच: गोष्ट कुणाच्या तोंडून. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त सांगणारा तरुण मास्तर आहे, बाहेरून आलेला. एक परिच्छेद घ्या, दहा-बारा ओळींचा, आणि तोच कारभाऱ्याच्या तोंडून लिहून काढा. अर्धा तास लागतो. मास्तराला नवल वाटलेल्या कितीतरी गोष्टी गळून पडतात, कारण कारभाऱ्याला त्या सांगाव्याशाच वाटल्या नसत्या. जे गळलं त्यातच कादंबरीचं सूत्र असतं: गाव दिसतो तो परक्याला, आणि दुष्काळात गाव उठतो तेव्हा परकाही निघून जातो. पानापानांना रंगीत चिकट्या लावून ‘प्रतीकं’ गोळा करण्यापेक्षा हा अर्धा तास बरा. मेंढरू दरवेळी प्रतीक नसतं. बऱ्याचदा ते नुसतं मेंढरू असतं.

फूलबागेत जायचंच तर छापील प्रत घेऊन जा. इंटरनेटवरच्या प्रतींत शेवटची ओळ पुष्कळदा ‘ह्या दगडा फुटतिल जिभा’ अशी दिसते. मूळ ‘दगडां’, अनुस्वारासह, म्हणजे दगडांना. ‘डा’ आधीच दीर्घ असल्यामुळे टिंब गेलं तरी मात्रा बिघडत नाहीत आणि कानाला चूक कळत नाही. पण टिंब गेलं की बोलायला एकच दगड उरतो.