धा किलोची भाजी

लातूर, रविवार, २० ऑक्टोबर २०२४

काल आप्पा सोयाबीन विकायला मोंढ्यावर, इथल्या धान्यबाजारात, आले आणि रात्री इथंच मुक्कामी राहिले. आज रविवार. म्हटलं, त्यांना चौकातल्या खानावळीतलं चिकन खाऊ घालू. भाजी पार्सल आणायची आणि भाकरी घरी थापायची, ही आमच्याकडची नेहमीची रीत.

दोन हाफ चिकन मसाला आणि वरून तर्रीच्या दोन पन्न्या. चारशे रुपये झाले. मागच्या दिवाळीत एवढंच पार्सल २८० ला आणलं होतं, आणि तर्री खानावळीच्या काकू न मागता पिशवीत टाकायच्या. आता एका पन्नीचे वीस. दराच्या फळ्यावर १८० ची कागदी पट्टी चिकटवलीय, तिच्याखालून १४० ची डोकावते, आणि अगदी खाली रंगानं लिहिलेले मूळचे १२० आहेत.

काकूंचा राग मात्र येत नाही. त्या स्वतः चुलीपाशी उभ्या असतात, मी बघते ना. गेल्या महिन्याच्या मध्यात सरकारनं खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं, कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ शुल्क शून्याचं थेट २० टक्के केलं, आणि त्यांचा १५ किलोचा डबा तीनशे रुपयांनी चढला. हॉटेलचा १९ किलोचा सिलिंडर या १ तारखेला पुन्हा पन्नासेक रुपयांनी वाढला. लसूण चारशे रुपये किलो. काळ्या मसाल्याला लागणारं खोबरंही महागलं. "मसाल्यात हात आखडला तर चव जाती, भाव वाढवला तर गिऱ्हाईक जातं," म्हणाल्या. ॲपवर हीच भाजी २४० ला आहे, पण कमिशन वजा जाता त्यांच्या हाती गल्ल्यावरच्या इतकेच येतात.

पार्सल सोडताना आप्पांनी विचारलं, "कितीला पडलं गं?"

"चारशे."

जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजी धा किलो."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांच्या खिशातली कालची सोयाबीनची हिशोबपट्टी आठवली. नऊ क्विंटल, भाव ४१५०; म्हणजे चारशे रुपयांना जवळपास दहा किलो सोयाबीन. यंदाचा हमीभाव ४८९२. क्विंटलमागं ७४२ रुपये गेले. खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो, आप्पांचा माल १६ भरला. वाळवत थांबायचं तर हरभऱ्याच्या पेरणीला बी-खत कशानं आणायचं? कापणीची मजुरीही द्यायची होती.

मला सलतं ते हे. तेल महाग झालं म्हणून भाजी महाग झाली, पण ज्याच्या रानात ते तेल पिकतं त्याच्या सोयाबीनला काही चढ नाही. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघतं अठरा किलोच्या आसपास, बाकी बहुतेक पेंड. पेंडीला यंदा बाहेर उठाव नाही, त्यामुळं बियांचा भावही दबलेला. शुल्क शेतकऱ्यासाठी वाढवलं म्हणतात. आप्पांच्या पट्टीवर मला ते कुठं दिसलं नाही. काकूंच्या डब्यावर लगेच दिसलं. चुलीपाशी उभी राहणारी बाई आणि रानात वाकणारा माणूस, दोघांच्याही हाती काही लागत नाही, आणि मधे पैसे मोजणारी मी आप्पांचीच लेक.

भाकरी गरम होत्या. आप्पांनी भाकरी कुस्करली, मधे आळं केलं आणि त्यात तर्री ओतली. वर लाल तवंग आला तशी बोटानं कडेनं वळवून घेतली, सांडू दिली नाही. फोडींतली एक मोठी त्यांनी माझ्या पोराच्या ताटात सरकवली. "काकूंच्या हाताला चव हाय," एवढंच बोलले.

दुसरी पन्नी फोडलीच नाही. उद्या सकाळी शिळ्या भाकरीसंगं घेतो म्हणाले. गाडी सहाची आहे, गजर पाचचा लावलाय.