खोबऱ्याची वाटी

लेकीची दिल्लीची बॅग आई भरत होती आणि मी ताणकाटा धरून उभा होतो. तिच्या तिकिटावर १५ किलो. वर गेलं की पैसे. त्यामुळे दर दोन डब्यांमागे बॅग काट्याला लटकत होती आणि माझा खांदा निघायची वेळ आली होती.

मसाला गेला, बेदाणे गेले, भडंग गेलं. मग आईनं सुक्या खोबऱ्याच्या चार वाट्या काढल्या.

"आजी, खोबरं चालत नाही."

"चालत न्हाई म्हंजे?"

"विमानात बंदी आहे. पेट घेतं."

आईनं वाटी उलटीसुलटी करून पाहिली. "साठ वर्षं चुलीशेजारच्या डब्यात ठेवतीय. मुंग्या लागल्या, पेटलं कधी न्हाई."

मी मोबाईलवर शोधलं. खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल. कोंदट जागी ढिगानं पडलं तर आपलं आपण तापतं. जगभरच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला स्वतःचा नंबर आहे, १३६३. आमच्या गल्लीत एवढा मान अजून कुणाला मिळालेला नाही. पॉवर बँकेचं मात्र उलटं. ती खालच्या सामानात टाकायची नाही, जवळच ठेवायची; पेटलीच तर माणसांच्या डोळ्यांदेखत पेटावी म्हणून.

कोंदट हा शब्द वाचला आणि मी थेट सांगलीजवळच्या हरिपुरात जाऊन पोचलो.

आजोबा हळदीच्या अडतीत दिवाणजी होते. हळद तेव्हा पेवात ठेवायचे. जमिनीखाली पुरलेल्या मडक्यासारखं पेव: तोंड अरुंद, पोट मोठं. पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही, हा नियम. तोंड उघडं टाकून वाट बघायची, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. एकदा हमालांच्या पायांतून मीही ओणवा होऊन बघत होतो. कंदील निम्म्यात पोचला, ज्योत बारीक झाली आणि गेली. कुणी हू की चू केलं नाही. दोर वर ओढला, चंच्या सुटल्या, सगळे लिंबाखाली जाऊन बसले. दिवसभराची मजुरी लांबत होती, तरी एकानंही 'बघू, उतरून येतो' म्हटलं नाही.

"आत काय हाय?" मी विचारलं.

"दिसलं असतं तर कंदील कशाला सोडला असता?" आजोबा म्हणाले.

२००५ च्या पुरानं त्यातली कितीतरी पेवं बुडवली. ते पेव त्यात गेलं की काय, मी कधी जाऊन पाहिलं नाही. जायला हवं होतं. सायकलनं जाण्याइतकं तर अंतर.

"आणि ह्या मसाल्यात अर्धा किलो खोबरं भाजून घातलंय, ते चालतं व्हय?" आईनं विचारलं.

लेक माझ्याकडं बघायला लागली. मी काट्याकडं. १५ किलो ३०० ग्रॅम.

भडंगाची एक पिशवी बाहेर आली. खोबरं राहिलंच. आईनं त्यातली एक वाटी फोडली, गुळाचा खडा आणला आणि आम्ही तिघं बॅगेभोवती बसून खात राहिलो.