इस्पिकची दश्शी

ऑनलाइन पोकरमध्ये डाव संपतो न संपतो तोच त्याचा वृत्तांत लिहून तयार असतो. कोणी किती पैज लावली, कोणी तिला कॉल केला, म्हणजे तेवढ्याच चिप्स भरल्या, कोणी पाने टाकून दिली आणि त्या त्या क्षणी पॉटमध्ये, म्हणजे जिंकणाऱ्याला मिळायच्या ढिगात, किती चिप्स होत्या, हे सारे एका साध्या मजकुराच्या फायलीत ओळीमागून ओळ उतरत जाते. दिवाळीत घरी मांडलेल्या तीनपत्तीला अशी दप्तरी नोंद नसते. तिथे कोणी कोणाला हूल दिली यावर भाऊबीजेपर्यंत वाद चालतात आणि प्रत्येकाच्या आठवणीतला डाव निराळा असतो. पोकरची फाईल मात्र कोणाचीच भीड ठेवत नाही. मला खेळण्यापेक्षाही या फायली वाचण्याचा नाद अधिक आहे, आणि त्यातही माझे लक्ष अडते ते शेवटचे पान उघडल्यानंतरच्या दोन ओळींवर: एकाने लावलेली पैज आणि दुसऱ्याने तिला दिलेले उत्तर.

माझ्याजवळच्या फायली सगळ्या जुन्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, आणि पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, त्याच्या बंदीखाली आले. पोकर या दोहोंपैकी कशात मोडते, यावर न्यायालयांत वर्षानुवर्षे खल झाला होता. कायद्याने तो वाद न सोडवता सरळ बाजूला ठेवला. या खेळांपायी ज्यांचे संसार धुळीला मिळाले त्यांचा विचार केला, तर मला त्याविरुद्ध तक्रार करवत नाही. गोव्यात मांडवीच्या पात्रातल्या कॅसिनो जहाजांवर प्रत्यक्ष टेबलाचे पोकर आहे, पण तिथून उठताना हाती फाईल येत नाही. फुकटच्या चिप्सचे खेळ मोबाइलवर अजूनही सापडतात. मात्र त्यांचे विश्लेषण करण्यात काही हशील नाही, कारण चिप्स संपल्या की नव्या मिळतात आणि म्हणून जो तो प्रत्येक पैजेला बिनदिक्कत कॉल करत सुटतो. ज्या प्रश्नाला किंमत पडत नाही, तो कोणीही विचारतो.

टेक्सस होल्डेम या प्रकाराची मांडणी अशी की, प्रत्येकाला दोन पाने गुप्त मिळतात आणि टेबलावर सर्वांसाठी पाच पाने उघडतात: आधी तीन, तो फ्लॉप, मग एक, तो टर्न, आणि शेवटचे एक, ती रिव्हर. प्रत्येक टप्प्यावर पैजा लागतात. पैज लावणाऱ्याला जिंकायचे दोन मार्ग असतात: त्याची पाने खरोखरच सरस असतात, किंवा समोरचा घाबरून पाने टाकतो. शेवटच्या पैजेला कॉल करणाऱ्यापुढे यांतला एकच मार्ग उरतो. पाने उघडली जातात आणि जे आहे ते आहे. म्हणून कॉल करणे हे वरकरणी धीटपणाचे वाटले, तरी त्याच्या मुळाशी असतो तो चोख जमाखर्च. पॉटमध्ये १०० चिप्स असताना समोरच्याने ५० लावल्या, तर आपण ५० देऊन १५० मिळवू पाहतो, म्हणजे चारांतून एकदा जरी आपण बरोबर ठरलो तरी बरोबरी साधते. त्याने पूर्ण १०० लावल्या, तर तिनांतून एकदा बरोबर ठरणे पुरते. याचाच उलटा अर्थ मात्र सहसा कोणी मनात घोळवत नाही: जो माणूस अगदी योग्य जागी कॉल करतो, तोसुद्धा या जागांवर बहुतेक वेळा हरलेला दिसू शकतो, आणि तरीही त्याचा हिशेब चुकलेला नसतो.

फायलीतला एक डाव मी अनेकदा काढून वाचला आहे. सहा जणांचे टेबल, ब्लाइंड, म्हणजे पाने पाहण्याआधीच दोघांना भराव्या लागणाऱ्या रकमा, ५० आणि १००. शेवटून बोलणाऱ्या, म्हणजे बटनावर बसलेल्या खेळाडूने २५० केले. मोठ्या ब्लाइंडवर मी होतो, माझ्याकडे किलवरचा राजा आणि इस्पिकची दश्शी होती, मी कॉल केला. छोट्या ब्लाइंडचे ५० धरून पॉट ५५०. फ्लॉपवर इस्पिकचा राजा, इस्पिकची अठ्ठी आणि चौकटचा चौका आले, आणि मला राजांची जोडी लागली. त्याने २०० लावले, मी कॉल केला. टर्नवर बदामची दुर्री आली. त्याने ६५० लावले, मी पुन्हा कॉल केला. रिव्हरवर चौकटची नव्वी पडली. आता पॉटमध्ये २२५० होते, आणि त्याने तेवढेच, पूर्ण २२५० लावले. पडद्यावरचे घड्याळ सेकंद मोजू लागले. ऑनलाइन टेबलावर समोरच्याचा चेहरा नसतो, हात थरथरतो की नाही हे दिसत नाही, चिप्स पुढे सारण्याची ढब कळत नाही. चौकोनी चित्र, एक टोपणनाव आणि पैजेचा आकडा, एवढीच सामग्री असते. मी पाने टाकली.

ही फाईल मी पुण्यातल्या एका मित्राला दाखवली, तेव्हा त्याने ती अर्धवट वाचूनच निकाल दिला. “अरे, इस्पिक आलंच नाही ना! फ्लॉपपासून तो इस्पिकाच्या मागे होता, पान लागलं नाही, म्हणून शेवटी दणका दिला. एवढं सरळ आहे, आणि तू राजांची जोडी टाकतोस?” मित्राचे म्हणणे अगदीच पोकळ नव्हते. हाती दोन इस्पिके आणि फ्लॉपवर दोन, अशा स्थितीत पुढच्या दोन पानांत पाचवे इस्पिक मिळून पाच पानांचा एक रंग, म्हणजे जोडीहून सरस हात, होण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के असते. म्हणजे असा पाठलाग करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हाती शेवटी काहीच लागत नाही, आणि त्यांतल्या काहींना हूल देण्यावाचून गत्यंतर नसते. प्रश्न असा की, असे रिकाम्या हाताचे लोक किती आणि भरल्या हाताचे किती. त्याचे उत्तर मनात येईल तसे देण्याचे कारण नाही, कारण पत्ते बावन्नच आहेत आणि ते मोजता येतात.

मोजायला बसावे तर असे. मला हरवणाऱ्या हातांत, इतकी मोठी पैज तो ज्यांवर लावील असे हात घ्यावेत: एक्क्यांची जोडी ६ प्रकारांनी होते; एक राजा टेबलावर आणि एक माझ्याकडे असल्यामुळे एक्का-राजा १६ ऐवजी ८ प्रकारांनीच होतो; राजांची जोडी एकाच प्रकाराने; अठ्ठी, चौका आणि दुर्री यांच्या जोड्या, ज्यांचे टेबलावरील पानामुळे त्रिकूट झाले, त्या प्रत्येकी ३ प्रकारांनी. एकूण २४. आता रिकामे हात, म्हणजे इस्पिकांचा पाठलाग फसलेले. इस्पिकच्या एक्क्याबरोबर राणी, गुलाम, दश्शी, सत्ती, छक्का, पंजा किंवा तिर्री असे ७; शिवाय राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, सत्ती-छक्का आणि छक्का-पंजा असे ५. एकूण १२. चोवीसाला बारा, म्हणजे एकंदर छत्तिसांत बारा, बरोबर एक तृतीयांश. आणि पॉटइतक्या पैजेला आपल्याला लागतो तोही एक तृतीयांशच. इतकी मोजदाद करून आपण जिथून निघालो तिथेच येऊन थांबतो, कॉल केला काय आणि न केला काय!

पण या मोजणीत एक पान राहून गेले, आणि ते माझ्याच हातात होते. इस्पिकची दश्शी माझ्याकडे असताना ती त्याच्याकडे असू शकत नाही. मग एक्का-दश्शी, राणी-दश्शी आणि गुलाम-दश्शी हे तीन रिकामे हात यादीतून आपोआप गळतात, बाराचे नऊ उरतात, आणि भरलेले चोवीस मात्र जिथल्या तिथे राहतात. तेहतिसांत नऊ म्हणजे सुमारे २७ टक्के. कॉलची सरासरी आता ४०० चिप्सहून थोड्या अधिक तोट्यात जाते. माझ्याकडे तीच दश्शी बदामची असती तर प्रश्न बरोबरीवर राहिला असता. या डावात दश्शीने मला काहीही मिळवून दिले नव्हते. तिची जोडी लागली नाही, इस्पिकांचा रंग जुळण्याइतकी ती पुढे गेली नाही, फ्लॉपनंतर तिच्याकडे मी पाहिलेही नसेन. या निरुपयोगी पानानेच निर्णय फिरवावा, आणि तोही स्वतः काही करून नव्हे तर केवळ दुसऱ्याच्या हातात नसण्याने, ही गोष्ट मला या खेळातली सर्वांत देखणी वाटते. खेळाडू अशा पानाला ब्लॉकर म्हणतात. मित्राला हे समजावले तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे इस्पिक हातात असणं वाईट?” या डावात, या पैजेला, होय.

अर्थात ही यादी म्हणजे काही वेदवाक्य नव्हे. बटनावरचा खेळाडू सत्ती-छक्का फ्लॉपवरच सोडणारा असेल, तर रिकामे हात आणखी कमी होतात. राजा-राणीवरही तो एवढी पैज लावणारा असेल, तर भरलेल्यांत ८ ची भर पडते आणि कॉलचा विचारच सोडावा लागतो. उलट तो फसलेल्या प्रत्येक पानावर पैज रेटणारा अवली असेल, तर दश्शीचा मुलाहिजा न ठेवता कॉल करावा. विश्लेषणातला अर्धा भाग गणिताचा असतो आणि उरलेला अर्धा त्या टोपणनावामागच्या माणसाविषयीच्या अंदाजाचा, आणि या दुसऱ्या भागात माणसे सर्रास थापा मारतात. निकाल कळल्यावर अंदाज बांधण्याची ही पश्चातबुद्धी फाईल वाचताना फार सोकावते, म्हणून मी रिव्हरच्या खालच्या ओळी कागदाने झाकूनच यादी करायला घेतो.

माझ्या त्या डावात झाकण्यासारखे काही नव्हतेच. पाने टाकली की समोरच्याला आपली दाखवावी लागत नाहीत. पॉट त्याच्याकडे सरकतो आणि झाकली मूठ झाकलेलीच राहते. कॉलचे उत्तर लगेच मिळते, फोल्डचे कधीच मिळत नाही. नाकारलेल्या स्थळासारखे ते आहे. तो संसार कसा झाला असता हे सांगायला कोणी येत नाही. याचा परिणाम आठवणीवर होतो. फसलेले कॉल माणसाला तारखेनिशी आठवतात, कारण त्यांच्यापुढे पुरावा आहे. चुकीने टाकलेले हात मात्र नफ्या-तोट्याच्या वहीत कुठेच दिसत नाहीत. म्हणून पुष्कळ लोक हळूहळू घाबरट होत जातात, तर पुष्कळ जण केवळ ‘बघू तरी काय आहे’ म्हणून कॉल करतात. हा दुसरा वर्ग मला जवळचा वाटतो, पण पैसे बहुतेक त्याच वर्गाचे जातात.

टाकलेल्या हाताचे उत्तर जगाने पाहिले, असा एक प्रसिद्ध डाव आहे. २००३ साली लास वेगासमधील पोकरच्या विश्वमालिकेतील मुख्य स्पर्धेत टेनेसीचा एक हिशेबनीस, क्रिस मनीमेकर, अखेरच्या दोघांत पोहोचला. प्रवेश १०,००० डॉलरचा, आणि हा आला होता ८६ डॉलरच्या ऑनलाइन पात्रता फेरीतून. समोर मुरलेला व्यावसायिक सॅमी फारहा. टेबलावर सर्वांत वरचे पान नव्वी, फारहाकडे नव्वीची जोडी. मनीमेकरकडे राजा आणि सत्ती, जुळलेले काहीही नाही. रिव्हरवर मनीमेकरने सगळ्या चिप्स पुढे सारल्या. फारहा बराच वेळ घुटमळला, तुझा रंग हुकला असावा असे बोलूनही दाखवले, आणि मग पाने टाकली. गुप्त पाने टिपणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे प्रेक्षकांना दोन्ही हात दिसत होते. त्यामुळे फारहाचा फोल्ड आज कोणालाही चुकीचा ठरवता येतो. ज्याला समोरची दोन पाने दिसत नव्हती, त्याचा निर्णय ती दिसणाऱ्यांनी तोलावा, यात मला थोडा अन्याय वाटतो. मनीमेकर २५ लाख डॉलर जिंकला आणि त्यानंतर ऑनलाइन पोकरकडे लोकांची झुंबड उडाली.

हूल कोणत्या पानांवर द्यावी, याचे उत्तर गणिताने त्याच्या कितीतरी आधी दिले होते. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने पोकरचे एक सुटसुटीत रूप घेऊन दाखवले की, पैज लावावी ती सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट पानांवर. मधली पाने गप्प ठेवावीत. पॉटइतकी पैज लावणाऱ्याने दोन भरल्या हातांमागे एक रिकामा हात ठेवला, तर समोरचा माणूस कॉल करो वा टाको, त्याला फायदा होत नाही. म्हणजे बटनावरचा तो खेळाडू जाणता असेल, तर माझे २४ आणि १२ हे त्याने मुद्दामच जुळवलेले असणार, आणि माझी पंचाईत हेच त्याचे उद्दिष्ट. संगणकांनी हे टोकाला नेले. २०१५ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी मर्यादित पैजांचा दोघांचा खेळ जवळजवळ पूर्ण सोडवला. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या संगणक प्रणालीने पिट्सबर्गमध्ये चार व्यावसायिकांना १,२०,००० डावांत हरवले. आता डाव सोडवणारी सॉफ्टवेअरे घरच्या संगणकावर चालतात.

मात्र त्यांना अशा अगदी काठावरच्या हाताविषयी विचारले, तर उत्तर पुष्कळदा असे येते की, ४० टक्के वेळा कॉल करा आणि ६० टक्के वेळा टाका. एकाच डावात ४० टक्के कॉल कसा करायचा, ही सोय पडद्यावर नसते, म्हणून कसलेले खेळाडू घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहतात: काटा पहिल्या चोवीस सेकंदांत असला तर कॉल, पुढे गेला असला तर फोल्ड. मित्राला हे सांगितल्यावर तो बराच वेळ हसत होता. छत्तीस प्रकार मोजायचे, दश्शीचा विचार करायचा आणि शेवटी घड्याळाला विचारायचे, असे त्याचे म्हणणे पडले. इस्पिकची दश्शी हातात असताना घड्याळ बघायचे की नाही, हे मात्र त्याने आपणहून विचारले, आणि मग आम्ही तोच डाव बदामच्या दश्शीने पुन्हा मोजायला बसलो.