कोची : मुन्नारच्या वाटेवर उरकायचं गाव नव्हे

आपल्याकडच्या बहुतेक केरळ सहलींत कोचीच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. मासेमारीच्या चिनी जाळ्यांपुढे फोटो, थोडी मसालाखरेदी, की निघाली गाडी मुन्नारला. आम्ही मुन्नारच गाळलं आणि फोर्ट कोचीत, म्हणजे कोचीच्या जुन्या भागात, मुक्काम ठोकला.

कुर्ला टर्मिनस किंवा पनवेलहून नेत्रावती थेट एर्नाकुलमला नेते (पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, तेवढं बघून घ्या). पुढे फोर्ट कोचीला जायला टॅक्सीच्या भानगडीत न पडता बोटीची जेट्टी गाठा. वॉटर मेट्रोची बोट गारेगार आहे. सरकारी बोट उघडी, पण अगदीच स्वस्त. आम्हाला तीच आवडली.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वार नीट निवडा. फोर्ट कोचीला लागूनच असलेल्या मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. शेजारचं 1568 सालचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) शुक्रवारी दुपारनंतर आणि शनिवारी बंद. म्हणजे नेमकं शुक्रवारी किंवा शनिवारीच येणाऱ्यांची हमखास पंचाईत. राजवाडा बाहेरून अगदी साधा, पण राजाच्या शयनगृहाच्या भिंतींवर अख्खं रामायण रंगवलंय. फोटो काढू देत नाहीत, ते एका परीने बरंच; माणसं निदान डोळ्यांनी बघतात. सिनेगॉगमध्ये चपला बाहेर काढाव्या लागतात. आत मान वर करून झुंबरं बघण्याआधी पायांखाली बघा: निळ्या-पांढऱ्या चिनी फरश्या, प्रत्येकीवरचं चित्र हाताने काढलेलं.

सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये 1524 साली वास्को द गामाला पुरलं होतं. अस्थी पुढे पोर्तुगालला गेल्या, इथे थडग्याचा दगड तेवढा उरलाय. मला जास्त मजा वाटली ती छताला टांगलेल्या कापडी पंख्यांची. त्यांच्या दोऱ्या बाहेर बसलेली माणसं ओढायची.

चेरलाईच्या तिरुमल देवस्वम देवळाकडे मात्र फारसं कुणी फिरकत नाही. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून आलेल्या सारस्वतांची ही वस्ती. देवळाबाहेर कोकणी कानावर पडली आणि पत्ता विचारणं एकदम सोपं झालं. शाकाहारी मंडळींनी जेवायला याच भागात किंवा गुजराती रोडला यावं. जाळ्यांपाशी कोळी दोर ओढायला बोलावतात, त्याचे नंतर पैसे मागतात. आधीच ठरवून घ्या.

एक अख्खा दिवस मुझिरिससाठी ठेवा. रोमन जहाजं मिरी न्यायला यायची ते हे बंदर, कोडुंगल्लूरच्या आसपासचं. 1341 च्या पेरियार नदीच्या महापुरात ते गाळाने भरलं आणि कोचीच्या बंदराचं तोंड मोठं झालं, असं मानतात. फोर्ट कोचीहून रो-रोने (गाड्याही नेणाऱ्या बोटीने) वायपीन बेट, तिथून बसने परावूर. तिथलं सिनेगॉग मट्टनचेरीपेक्षा निवांत. जवळच्या चेंदमंगलमला हातमागाची मुंडू (केरळी धोतरं) मिळतात. ती सहकारी संस्थेच्या दुकानातून घ्या, मट्टनचेरीतल्या ज्यू टाऊनमधून नको. सोमवार टाळा, संग्रहालयं बंद असतात. आणि परतीच्या शेवटच्या रो-रोची वेळ सकाळीच विचारून ठेवा, नाहीतर रस्त्याने भला मोठा वळसा पडतो.